चित्रातून मी हाकललेला माणूस

चित्रातलं आपल्याला कळतं, ही समजूत मी साठ वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपली. श्रीरामपुरात बजरंग पेंटर म्हटलं की लोक विचारतात, "कोण, तो भांडकुदळ?" पण विचारण्याआधी 'पेंटर' हा शब्द येतोच की नाही? म्हणजे कीर्ती आहे, असं मी धरून चालतो. किराणा दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या फाळक्यांवरची नक्षी, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, सगळं केलं. पण खरी खासियत म्हणजे फोटो स्टुडिओतले पडदे. मागं धबधबा, पुढं तळं आणि तळ्यात हंसांची जोडी. या तालुक्यातल्या निम्म्या संसारांच्या पहिल्या फोटोत नवरा-नवरीच्या मागं माझे हंस पोहतायत. त्यातले काही संसार मोडले, पण त्यात हंसांचा काही दोष नव्हता.

मग फ्लेक्स आलं आणि आमच्या धंद्याचं वाटोळं झालं. मी फ्लेक्सला चौकाचौकांत शिव्या घातल्या. एवढ्या घातल्या, की माझ्या पोरीनं, ज्ञानेश्वरीनं, शेवटी फ्लेक्स छापायचं मशीनच घेतलं. आता बसस्टँडच्या मागं तिचं दुकान आहे. त्या दुकानात एका स्टुलावर मी बसतो आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला न विचारता सल्ले देतो. "पिवळ्यावर लाल घ्या, उठून दिसेल." गिऱ्हाईक मान डोलावतं आणि ज्ञानेश्वरीला म्हणतं, "ताई, निळ्यावर पांढरं करा."

गेल्या वर्षी दसऱ्याच्या जरा आधी पुष्पावतीबाई दुकानात आल्या. सत्तरीच्या पुढच्या, वाळक्या अंगाच्या, पण मान अशी ताठ की डोक्यावर अजून घमेलं आहे असं वाटावं. चाळीस वर्षं त्यांनी नवऱ्याच्या हाताखाली बिगारीकाम केलेलं. नवरा शांतवन गवंडी होता. कॅनॉलच्या पलीकडच्या वस्तीत त्यांची दोन खोल्यांची जागा, मुलगा नागापूरला कंपनीत, रविवारी येणार आणि रविवारीच जाणार.

त्यांनी पिशवीतून वहीत ठेवलेला एक कागद काढला. जुन्या कॅलेंडरचं चित्र, तारखा कापून टाकलेलं. परदेशातलं एक गाव, मागं दोन मनोऱ्यांचं मोठं चर्च, वर आभाळ.

"हे एवढं मोठं करून पायजे," त्यांनी हात फाकवले. "खाटंसमोर. डोळ्याला काचबिंदू हाय. कडंचं गेलं सगळं. समोरचं तेवढं नळीतून बघितल्यावानी दिसतं. डागदर म्हनला, तेबी जानार. तवर बघून घेते."

ज्ञानेश्वरीनं फ्लेक्स छापून दिलं. चार दिवसांनी बाई ते गुंडाळून परत घेऊन आल्या. "चमकतंय बाई. उजेड पडला की नुसता उजेडच दिसतो. चित्र न्हाई दिसत. ते मोबाईलचंबी तसंच."

मी स्टुलावरून उठलो. उठलो म्हणजे काय, मला चेवच आला. सहा वर्षांत एकानं भिंत दिली नव्हती मला! मी म्हणालो, "मावशी, भिंतीवर रंगवून देतो. हाताचं काम. वर बिनचमकीचा रंग लावायचा." पोरीकडे असं बघितलं, जसं काही मशीनचा लिलाव आजच पुकारतोय. ज्ञानेश्वरी म्हणाली, "अण्णा, आहे तसं काढा हं." मला राग आला. मला सांगते! जिला ब्रश कुठून धरतात ते माहीत नाही, ती मला सांगते.

दुसऱ्या दिवशी मी माझी ब्रशची पेटी घेऊन कॅनॉलच्या पलीकडे हजर झालो. कागदावर पेन्सिलची रेघ मारायची नाही, अशी बाईंनी तंबी दिली. म्हणून एका काचेवर अर्ध्या अर्ध्या इंचाच्या चौकटी आखल्या आणि ती काच कागदावर ठेवली. भिंतीवर नीळ लावलेल्या दोरीनं चार चार इंचांचे चौकोन पाडले. एका घरातलं उचलायचं आणि दुसऱ्या घरात ठेवायचं, आमची पद्धत ही. यात चूक व्हायचं कारण नसतं. चूक करायला माझ्यासारखा जाणकार लागतो.

दोन दिवस मी रेघा मारत होतो आणि बाई खाटेवर बसून बोलत होत्या. मी "हं, हं" करत होतो. आत्ता जे सांगतोय ते सगळं तेव्हा कानावरून गेलेलं, पुढं जुळवलेलं आहे.

पुष्पावतीबाई चर्चला देऊळच म्हणायच्या. तरुणपणी बाजूच्या एका गावातल्या देवळाच्या घंटेच्या मनोऱ्यावर दोघं नवरा-बायको कामाला होती. शांतवन वर, बाई खाली. घमेलं भरायचं, शिडीनं चढायचं, रिकामं घेऊन उतरायचं. पोटात मुलगा होता तेव्हासुद्धा सातव्या महिन्यापर्यंत त्या चढत होत्या. शांतवन बोलायला कमी. रागावला तरी थापी आपटायचा, बोलायचा नाही. दुपारी बाई भाकरी घेऊन यायच्या तेव्हा तो खाली घडलेल्या दगडांवर बसलेला असायचा, बांधकामाकडे पाठ करून. "एवढं बांधतोस, एकदा बघ तरी," असं बाईंनी म्हटलं की तो म्हणायचा, "मला ठावं हाय ते. ते काय बघायचं?"

काम संपलं. फादरनी सगळ्या गवंड्यांना रिवाजाप्रमाणे टॉवेल-टोपी दिली. शांतवन म्हणाला, "मला टोपी नको. भिंतीवरचं ते कॅलेंडर द्या." सगळे हसले. घरी आणून त्यानं तारखा कापल्या आणि चित्र पेटीच्या झाकणाला आतून लावलं. बाईंनी विचारलं, यात काय एवढं? तर तो म्हणाला, "सगळ्या चितरांत देऊळ बांधून झाल्यालं असतंय. ह्याच्यात माल पडलाय बग. काम चालू हाय."

त्या चित्रात होतंच तसं. पुढच्या बाजूला, अगदी नजरेत येईल असा, माती-मुरमाचा भलामोठा ढीग. त्याच्या अलीकडे घडलेले दगड इकडे-तिकडे पडलेले. ढिगावर दोन किडकिडीत झाडं. आणि डाव्या कोपऱ्यात दगडांवर बसलेला, बोटाच्या पेराएवढा, एक माणूस. शांतवन दम्यानं गेला त्याला अकरा वर्षं झाली. बाईंकडे त्याचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यात तो चोरी करताना सापडल्यासारखा दिसतो. बाई म्हणाल्या, "ह्यो बसलाय ना कोपऱ्यात, त्याची बसायची तऱ्हा शांतवनाचीच. मला त्यो नीट दिसला पायजे."

मी म्हणालो, "हं."

मग रंगाच्या वासानं बाईंना खोकला सुरू झाला आणि त्या आठ दिवसांसाठी राहात्याला बहिणीकडे गेल्या. किल्ली माझ्याकडे. मी आणि भिंत. झालं!

पहिली अडचण मनोऱ्यांची. काच ठेवून मोजलं तर एक मनोरा दुसऱ्यापेक्षा उंच निघाला. घाटही वेगळा. एक साधा, एक नक्षीचा. मी म्हटलं, हा कसला पेंटर! माझा अनुभव सांगतो. एकदा एका गावात देवळाच्या भिंतीवर दोन दीपमाळा काढल्या होत्या, त्यातली एक चार बोटं आखूड आली. गावानं मला दिवसभर उन्हात उभं केलं आणि संध्याकाळी ती वाढवून घेतली. आमच्याकडे जोडीतलं एक लहान म्हणजे अपशकुन. मी त्या फ्रान्सवाल्या मनोऱ्यांना दोरी लावली आणि दोन्ही सारखे केले. ते फ्रान्सचे आहेत हे तेव्हा मला माहीत नव्हतं, पण असतं तरी केले असते.

एकदा हात सुटला की थांबतो होय? देवाच्या दारात मुरमाचा ढीग कोण काढतं? कुठल्याही शाळेचं, पतसंस्थेचं, मंगल कार्यालयाचं चित्र मी काढलं तर बाहेर पडलेली वाळू, विटा, फुटकी पाइपं मी काढत नाही. नाही काढायची असते. चित्र म्हणजे उद्घाटनाचा दिवस, ही माझी व्याख्या. ढीग गेला, तिथं हिरवीगार लॉन आली. किडकिडीत झाडांना मी भरघोस पानं दिली. दगडांच्या जागी तळं केलं. राहता राहिला तो कोपऱ्यातला माणूस. तळं झाल्यावर तो बसणार कुठं? पाण्यात? मी त्याला बसवलाच नाही. तिथं हंसांची जोडी सोडली, आणि खरं सांगतो, आयुष्यात एवढे सुरेख हंस मी कधी काढले नव्हते.

बाई येणार त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. पावशेर पेढे घेऊन गेलो. माझ्याच कौतुकाचे पेढे मीच आणले होते, यावरून काय ते समजा.

बाई खाटेवर बसल्या. त्यांना एकदम सगळं दिसायचं नाही, म्हणून मान हळूहळू फिरवत, तुकड्या-तुकड्यानं भिंत बघू लागल्या. वरून सुरुवात केली. आभाळ झालं. मनोऱ्यांपाशी जरा थांबल्या. मग खाली, डावीकडे, परत उजवीकडे. मी पेढ्याचा पुडा सोडून तयार. बाई उठून भिंतीजवळ गेल्या, नाक लागेल इतक्या जवळ.

"ही बदकं का?"

"हंस आहेत, मावशी!"

"आन ढीग?"

"काढून टाकला. देवाच्या दारात घाण बरी दिसते का? बाग केली बघा."

"दगडं?"

"तिथं तळं आलं."

"आन मानूस? मानूस कुठंय?"

मी म्हणालो, "मावशी, त्या एका माणसानं सगळा शो जात होता."

बाई वळल्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मुकादमाशी बोलावं तशा बोलल्या. "पेंटर, ती घाण न्हाई. त्यो माल हाय. माल पडल्याबिगर देऊळ उभं ऱ्हातं व्हय? तुमी आमालाच काढून टाकलं की चितरातनं."

आता शहाण्या माणसानं इथं काय म्हणावं? "चुकलं, दोन दिवसांत करून देतो." बस. रंग होता, ब्रश होता, काच तिथंच होती. पण मला पेंटर म्हणतात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, "तुम्हाला धड दिसत नाही, आणि चुका काढताय माझ्या?"

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं. मग बाई म्हणाल्या, "दिसतंय तवर म्हनूनच तर बोलावलं हुतं तुमाला."

मी पेटी भरली आणि निघालो. पेढे तिथंच राहिले.

पुढं दोन-अडीच महिने मी काय केलं? रुसलो. चहाच्या टपरीवर येईल त्याला सांगितलं, "लोकांना कलेतलं कळतच नाही. एक बाई आहे, तिला चित्रात मुरूम पाहिजे." लोक हसायचे, मला वाटायचं बाईला हसतायत. दिवाळी गेली. एकदा बाईंच्या मुलाचा दुकानात फोन आला, आईचा तो कागद तुमच्या वडिलांकडे राहिलाय का, ती सारखी विचारते. ज्ञानेश्वरीनं मला विचारलं. मी न बघताच सांगितलं, "माझ्याकडे नाही. मला काय करायचाय तो?" नाताळ गेला. बाईंच्या घरी लोक आले असतील, त्यांनी ती भिंत बघितली असेल, आणि बाईंनी काय सांगितलं असेल, हे माझ्या मनात येऊ नये म्हणून मी त्या आठवड्यात जरा जास्तच भांडलो सगळ्यांशी.

जानेवारीत एका ओळखीच्या माणसाच्या गाडीवर नंबर टाकायचा म्हणून पेटी उघडली. चौकटीची काच बाहेर काढली. काचेला मागं चिकटून कागद होता.

म्हणजे भिंतीवरून चित्र मी घालवलं ते घालवलं, वर हातातलं होतं तेही घेऊन आलो होतो. अडीच महिने त्या बाईकडे हंस सोडून काही नव्हतं.

ज्ञानेश्वरीनं बघितलं. ती माझ्यावर ओरडली नाही, तेच लागलं मला. तिनं मोबाईलनं कागदाचा फोटो काढला, कुठं कुठं शोधलं आणि माझ्यापुढे धरलं. "वाचा."

फ्रान्स देश. शार्त्र नावाचं गाव. चित्रकार कोरो. "आणि हे बघा," ती म्हणाली, "चर्चचा आत्ताचा फोटो. मनोरे खरोखरच लहान-मोठे आहेत. शेकडो वर्षं तसेच आहेत, अण्णा. कुणी ते बांधणाऱ्यांना उन्हात उभं केलं नाही." मी म्हणालो, फोटो तिरका काढला असेल. तिनं दुसरा दाखवला, तिसरा दाखवला. सहाव्या फोटोला मी मोबाईल बाजूला सारला.

"अजून ऐका. हे चित्र त्यानं चौतिसाव्या वर्षी काढलं. पुढं शहात्तराव्या वर्षी ते परत हातात घेतलं, आणि तो कोपऱ्यातला बसलेला माणूस तेव्हा काढला."

बेचाळीस वर्षांनी! चर्च होतं, आभाळ होतं, ढीग होता, तरी म्हाताऱ्याला वाटलं, इथं कुणीतरी बसलेलं पाहिजे. आणि मी आठ दिवसांत त्याला हाकलून लावलं.

त्या दुपारी स्टुलावर बसून मी ते चित्र पहिल्यांदा बघितलं. आधी मी फक्त मोजलं होतं. खोटं कशाला बोलू, आधी मला त्यात खोडच सापडेना म्हणून राग आला. मग हळूहळू कळायला लागलं. चर्च एवढं मोठं, पण त्यानं ते मागं नेऊन ठेवलं होतं, घरांच्या कौलांमागं. पुढची मोक्याची जागा, जिथं आम्ही गिऱ्हाइकाचं नाव टाकतो, ती त्यानं मातीच्या ढिगाला दिली होती. आणि ढीग म्हणजे काय ढीग! मातीवर माती रंगवायची, तपकिरीवर तपकिरी, आणि तरी ऊन कुठं पडलंय आणि ओल कुठं आहे ते कळलं पाहिजे. मला नसतं जमलं. म्हणून तर मी लॉन केली. घडलेल्या दगडांच्या धारेवर उजेडाची एक बारीक रेघ होती, छिन्नी नुकतीच उचलल्यासारखी. झाडांना पानं कमी होती, कारण पानांतून आभाळ दिसायला हवं होतं. मनोऱ्यांवर जेवढा जीव लावला होता तेवढाच ढिगावर. कुठं उरकलेलं नव्हतं. आणि कोपऱ्यात तो माणूस, कुणासाठी न बसलेला. शांतवननं टोपी सोडून हा कागद का मागितला, ते मला कळलं. गवंड्याला जे एका नजरेत दिसलं, ते बघायला पेंटरला अडीच महिने आणि सहा फोटो लागले.

मी उठलो आणि चालत कॅनॉलच्या पलीकडे गेलो.

दार उघडंच होतं. बाई खाटेवर, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"कोन हाय? पेंटर का? रंगाचा वास आला."

"मी आहे, मावशी. कागद आणलाय."

त्यांनी हात पुढं केला, पण माझ्या हाताच्या बाजूनं नाही, जरा भलतीकडे. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी कडा चाचपल्या, मांडीवर ठेवला आणि खाली मान घालून त्याकडे बघत राहिल्या. कागद उलटा होता. मी हळूच फिरवून सरळ केला.

"उलटा हुता का?"

"नाही, नाही," मी म्हणालो.

"दिवाळीनंतर उतरलंच बगा," त्या म्हणाल्या. "आता उजेड कळतो. कुनी दारात उभं ऱ्हायलं तर काळं कळतं. बाकी न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात मी माफी मागितलेली नाही, त्यामुळे कशी मागतात तेही नीट येत नाही. मी म्हणालो, "मावशी, मी गाढव आहे." त्या म्हणाल्या, "ते मला पयल्या दिशीच कळलं हुतं." मग खाटेवरून उठत, "चा ठेवू का?"

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. आधी हंस. पत्र्याच्या तुकड्यानं खरवडून काढले. जोडीतला दुसरा खरवडताना जरा जड गेलं, लपवत नाही. मनोरे लहान-मोठे केले. मग ढीग, आणि तिथं माझी खरी शाळा सुरू झाली. बाई खाटेवर बसून विचारायच्या, मी सांगायचो आणि शिव्या खायचो.

"ढीग कसा घेतलाय?"

"मधे टोक, दोन्हीकडे उतार."

"किती उभा?"

"बऱ्यापैकी उभा."

"मग त्यो ढासळंल की वो! वाळल्याला मुरूम असा उभा ऱ्हातोय व्हय? पाय पसरू द्या त्याला. आन खालच्या अंगाला बारके खडे गडगडून आल्याले दावा."

मी कागदात बघितलं. ढिगाचा पाय पसरलेलाच होता, मीच नीट बघितला नव्हता. चार दिवस हे असं चाललं. दगड कुठल्या अंगावर पडले आहेत, कोणता घडलेला, कोणता अजून कच्चा. माझं सांगणं संपलं की त्या डोळे मिटून घ्यायच्या, खरं तर मिटायची काही गरज नव्हती, आणि म्हणायच्या, "हां, आता बरोबर." एकदा ज्ञानेश्वरी जेवणाचा डबा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिचा बाप एका बिगारीणबाईच्या हुकुमावर मुकाट ब्रश चालवतोय, असं दृश्य तिनं कधी बघितलं नव्हतं. तिनं फोटो काढला नाही, एवढं तिनं माझ्यावर उपकार केले.

पाचव्या दिवशी माणूस राहिला. भिंतीवर तो वीतभर होणार होता. दगडांवरची बैठक, पुढं झुकलेले खांदे, गुडघ्यांवरचे हात, सगळं मी हळूहळू बसवलं. मग एक अडचण आली. कागदात तो इतका बारका की तोंड कुठं आहे ते मला कळेना. काच लावली, भिंग लावलं. रंगाचा नुसता एक ठिपका.

मी विचारलं, "मावशी, तोंड कुठं करू? चित्रात कळत नाही. देवळाकडे करू का?"

"नको. त्यो कवा बगत नव्हता तिकडं."

"मग?"

बाईंनी हातानं खाट चाचपली, जरा मागं सरकून बसल्या, पदर नीट केला.

"हिकडं करा. माज्याकडं," त्या म्हणाल्या. "मला काय आता त्यो दिसायचा न्हाई. त्याला तरी मी दिसंन."

मी सगळ्यात बारीक ब्रश काढला. देवांचे, पुढाऱ्यांचे, सिनेमातल्या नट्यांचे हजारो डोळे मी या हातानं काढलेत, बोलता बोलता, बिडी ओढत. ते दोन ठिपके द्यायला मला अर्धा तास लागला, कारण मलाही भिंत नीट दिसत नव्हती.